रिकामे ठेवलेले हात

घर विकायचं ठरलं त्या रात्री मी एक कागद घेतला आणि त्यावर घराचा नकाशा काढायला बसले. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. पुढे पडवी, मग माजघर, उजव्या हाताला स्वयंपाकघर, मागे परसदार. जिना माजघराच्या डाव्या कोपऱ्यातून वर जातो. जिन्याखाली कोनाडा, कोनाड्यात कंदील. तो कंदील लावलेला मी कधी पाहिला नाही, पण तो तिथे असायचाच. रेघा आखल्या, खोल्यांची नावं लिहिली आणि कागदाचा फोटो काढून दादाला पाठवला. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. त्याने स्वतः काढलेला नकाशा पाठवला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, "जिना पडवीतून होता ना गं?"

मी चिडले. ज्या जिन्यावरून दिवसातून वीस वेळा वरखाली केलं, तो कुठून निघत होता हे मला दुसऱ्याने सांगायचं? आधी एकमेकांना समजावून झालं, मग थोडं भांडून झालं, शेवटी आईला फोन लावला. आई शांतपणे म्हणाली, "दोघांचंही बरोबर आहे. दादा शिकायला बाहेर पडला त्या वर्षी जिना आत घेतला. पडवीत पावसाचं पाणी यायचं, पायऱ्या कुजायला लागल्या होत्या."

म्हणजे दादा निघाला ते घर वेगळं होतं आणि मी निघाले ते वेगळं. पत्ता तोच, भिंतीही त्याच, पण त्याच्या आठवणीत पाय पडवीत वर उचलला जातो आणि माझ्या आठवणीत माजघरात. दोन्ही घरं फक्त आईने पाहिली, कारण ती तिथून कुठे गेलीच नाही. दादा सुट्टीला यायचा तेव्हा त्याने नवा जिना पाहिला होता, चढलाही होता. तरी आठवणीत जुनाच राहिला. ही गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना.

गेली एकोणीस वर्षं मी दुसऱ्या देशात राहते आहे. त्यातली बारा वर्षं, नोकरी सांभाळून, रोज संध्याकाळी चित्रं काढते आहे. बाहेर राहणाऱ्या माणसाने आपलं घर का रंगवावं, कसं रंगवावं, रंगवून नेमकं काय हाती लागतं, या प्रश्नांशी मी बारा वर्षं झटापट करत होते. आमच्या जिन्याने त्यातली एक गाठ सोडवली.

घराचा नकाशा काढणारी मी काही पहिली नव्हे. झरीना हाश्मी यांनी ते फार आधी, फार उंचीवरून केलं. अलीगढला १९३७ मध्ये जन्मलेली ही कलावंत. तिथेच गणित शिकल्या. पुढे पॅरिसला आणि टोकियोला मुद्राचित्रण शिकल्या आणि न्यूयॉर्कमध्ये दीर्घकाळ राहिल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी, १९५९ मध्ये, त्यांचं कुटुंब कराचीला गेलं आणि अलीगढचं घर मागे राहिलं. १९९९ मध्ये त्यांनी लाकडी ठशांवरून छापलेल्या छत्तीस चित्रांची मालिका केली. तिच्या नावाचा अर्थ साधारण 'घर हा परका मुलूख आहे' असा होतो. प्रत्येक चित्राला एक उर्दू शब्द: उंबरठा, अंतर, सीमा, भाषा असे. पहिला शब्द घर, आणि त्या शब्दासोबत चित्र म्हणून फक्त घराचा आराखडा. काळ्या सरळ रेघा. हे शब्द त्यांनी पाकिस्तानातल्या एका सुलेखनकाराकडून उर्दूच्या नस्तालीक या लेखनशैलीत लिहून घेतले होते. आपल्याच भाषेतला 'घर' हा शब्द दुसऱ्या देशातल्या माणसाच्या हातून लिहून मागवायचा, आणि तिसऱ्या देशात बसून छापायचा.

त्या रेघा बघताना एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली. घरात राहणाऱ्याला घर असं वरून कधीच दिसत नाही. त्याला दार दिसतं, खुंटी दिसते, समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो. सगळ्या खोल्या एकदम, छप्पर काढून ठेवल्यासारख्या, फक्त त्यातून बाहेर पडलेल्या माणसाला दिसतात. आराखडा ही निघून गेलेल्या माणसाची नजर आहे. त्यात सगळं दिसतं, पण आत शिरायला वाट नसते.

माझी सुरुवातीची चित्रं आठवली की मला वाईट वाटतं. भडक केशरी आणि लाल, नक्षीदार कमानी, कमानीखाली पाठमोरी बाई. आमच्या घराला एकही कमान नव्हती. दारं साधी, चौकटी सरळ, भिंतींचा रंग पिवळट पांढरा, आणि माणसाच्या खांद्याच्या उंचीवर हात लागून लागून आलेला एक मळकट पट्टा. तरी माझ्या हातून कमानी उतरत राहिल्या, कारण आसपासचे लोक 'तिकडचं' म्हणून जे ओळखत होते ते हेच होतं. चित्रं विकली गेली. कौतुक झालं. ज्या कोणी ती घेतली त्यांच्यावर माझा राग नाही. पण मी माझ्या घराबद्दल खोटं बोलत होते, आणि तेही तक्रार करायला हजर नसलेल्या घराबद्दल.

मग मी कमानी सोडल्या आणि परसदार रंगवलं. आठवेल तसं, फोटो समोर न ठेवता. मोरीचा दगड, तारेवर वाळत घातलेली चादर, मागच्या भिंतीला टेकवलेली शिडी. दोन महिने लागले. झाल्यावर व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिने चष्मा वर सरकवला, खाली केला, बराच वेळ पाहिलं.

"छान झालंय. संध्याकाळची वेळ आहे ना ही?"

"नाही गं, दुपारची. चादर बघ, कशी उजळलीय."

"मग शिडीची सावली एवढी लांब कशी?"

मी चित्राकडे वळून पाहिलं. शिडीची सावली अंगण ओलांडून पार दुसऱ्या टोकाला गेली होती. चादरीची सावलीही तशीच, तिरपी, निळसर, लांबच लांब. आमच्या परसात दुपारी अशी सावली पडणं शक्य नव्हतं.

मी राहते ते शहर ५२ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४-१५ अंश वर येतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौपट पडते. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. त्या दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यापाशीच विरून जाते. मी लहानपणी ज्या उजेडात वाढले तो हा दुसरा उजेड. आणि चित्रात उतरला होता पहिला. शिडी तिथली होती आणि ऊन इथलं होतं.

बारा वर्षं संध्याकाळी खिडकीशी बसून जे पाहत होते ते हाताने शिकून घेतलं होतं, मला न विचारता. मनाला वाटत होतं की आपण अजून तिथलेच. हात मात्र केव्हाच इथला झाला होता, आणि मनापेक्षा हाताचं म्हणणं जास्त खरं होतं. मी ते चित्र दुरुस्त केलं नाही. खूप जण म्हणाले, सावल्या आखूड कर, चूक आहे. मला ती चूक वाटत नाही. माझं परसदार कुठे आहे असं कोणी विचारलं तर त्या दोन उन्हांच्या मध्येच कुठेतरी आहे, आणि हे शब्दांत सांगायला मला आणखी दहा वर्षं लागली असती.

रंगांच्या ट्यूबा उघडताना मला नेहमी एक गंमत वाटते. गेरूच्या जातकुळीतला तपकिरी रंग 'सिएना' म्हणून मिळतो, इटलीतल्या सिएना शहराच्या नावाचा. आणि गडद निळ्याला 'अल्ट्रामरीन' म्हणतात, म्हणजे समुद्रापलीकडचा. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्दी दगड दर्या ओलांडून युरोपात जायचा, तिथे तो कुटून, मळून, धुऊन हा निळा काढायचे. तो इतका महाग होता की चित्र सांगणारा गिऱ्हाईक करारातच त्याची गोष्ट लिहून घ्यायचा. पुढे फ्रान्समध्ये गिमे नावाच्या माणसाने तो कारखान्यात बनवण्याची रीत काढली आणि १८२८ मध्ये त्याला त्यासाठी बक्षीस मिळालं. तेव्हापासून ट्यूबमधल्या निळ्याचा बदख्शानशी काही संबंध उरलेला नाही. पण नाव तेच राहिलं. समुद्र न ओलांडलेल्या रंगालाही आजवर समुद्रापलीकडचा म्हणतात. आमची मुलं इथे जन्मली, इथेच वाढली, आणि शाळेत त्यांना अजून विचारतात की तुम्ही मूळचे कुठले. मी त्या सावल्यांत हाच निळा वापरला होता.

चित्रकार सैयद हैदर रझा यांच्याबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय, तरी इथे त्यांच्यापाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात बाबरिया गावी १९२२ मध्ये जन्म. वडील वनखात्यात, त्यामुळे लहानपण जंगलाच्या कडेला गेलं. मुंबईत १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्यांत ते होते. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, ते गेले नाहीत. १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि साठ वर्षं फ्रान्समध्येच राहिले. सुरुवातीच्या वीसेक वर्षांत त्यांनी तिथलीच घरं, तिथलीच गावं, तिथलेच डोंगर रंगवले. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कारही मिळाला. सगळं होतं. तरी आपण कुठे आहोत हा प्रश्न त्यांना पन्नाशीच्या आसपास छळायला लागला. मग पुन्हा पुन्हा भारताच्या फेऱ्या, अजिंठा, वेरूळ, राजस्थान, आणि हळूहळू कॅनव्हासवर आला तो बिंदू.

तो बिंदू म्हणजे शाळेतली आठवण. पोराचं लक्ष थाऱ्यावर राहत नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, याच्याकडे बघत बस. पॅरिसमध्ये तीस वर्षं काढल्यावर गावातून त्यांच्या हाती उरलं ते हे. जंगल, नदी, घर यांपैकी काही नाही, भिंतीवरचा एक ठिपका. मला हे फार खरं वाटतं. आपण आठवणी निवडत नाही. निघताना मोठमोठ्या गोष्टी बरोबर घेतल्या असं वाटत असतं आणि बऱ्याच वर्षांनी मूठ उघडली की आत भलतंच काही निघतं. माझ्या मुठीत भिंतीवरचा मळकट पट्टा निघाला.

१९८१ च्या 'माँ' या चित्रात त्यांनी रंगांच्या जोडीला देवनागरीत एक ओळ लिहिली. अशोक वाजपेयींच्या कवितेतली ती ओळ परतून आईकडे जाताना काय घेऊन जाऊ असं विचारते. ज्या शहरात ती रंगवली तिथे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही ती वाचता आली नसती. चित्रात अक्षरं कशासाठी, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. आपल्या लिपीत काहीतरी लिहिण्याची भूक बाहेर राहणाऱ्यालाच कळते. मी स्वतः कॅनव्हासच्या मागे, चौकटीच्या लाकडावर, मराठीत तारीख घालते. भिंतीवर टांगल्यावर ती कोणालाच दिसत नाही.

रझा २०१० च्या अखेरीस दिल्लीला परतले, २०१६ मध्ये गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या शेजारी त्यांचं दफन झालं. परत जाण्याचा असा पूर्ण झालेला फेरा क्वचितच कोणाला लाभतो. चित्रकार मार्क शगालचं उलट. व्हितेब्स्क या आपल्या गावाची घरं, तिथली माणसं, आकाशातून उडणारे प्रेमी, हे सगळं तो पॅरिसमध्ये आणि जिथे जाईल तिथे आयुष्यभर रंगवत राहिला. १९२२ मध्ये त्याने रशिया सोडला. १९७३ मध्ये, वयाची पंच्याऐंशी वर्षं उलटल्यावर, सोव्हिएत सरकारच्या निमंत्रणावरून तो मॉस्कोला आणि लेनिनग्राडला जाऊन आला. व्हितेब्स्कला मात्र गेला नाही. महायुद्धात ते शहर जवळजवळ सगळंच उद्ध्वस्त झालं होतं. त्याने का टाळलं याचे तर्क पुष्कळ आहेत. माझ्यापुरतं मला एवढंच माहीत आहे की घर विकल्यावर मी दोनदा देशात जाऊन आले आणि दोन्ही वेळा त्या रस्त्याने जायचं टाळलं.

चार-पाच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी चित्रं दिली होती. तेव्हा मी काही काळ अमूर्ताकडे वळले होते. राखाडी आणि हिरवे थर, एकावर एक, मध्येच खरवडलेले. निवड करणाऱ्या बाईंनी ती काळजीपूर्वक पाहिली आणि सौम्यपणे म्हणाल्या की चित्रं उत्तम आहेत, पण यांत तुमचा देश कुठे दिसत नाही. प्रदर्शनाचा विषय स्थलांतर होता. मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. घरी आल्यावर मला अंबादास आठवले.

अंबादास खोब्रागडे, अकोल्याचे, जन्म १९२२. रझांच्याच वर्षीचा. मुंबईत जे. जे. मध्ये शिकले, १९६० च्या दशकात 'ग्रुप १८९०' या चित्रकारांच्या गटात होते, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेला गेले ते तिथलेच झाले. २०१२ मध्ये ओस्लोमध्येच वारले. त्यांच्या कॅनव्हासवर रंगाचे पट्टे वाहत असतात, वळतात, एकमेकांत शिरतात, जसं काही पाण्याखालून कोणी ओढून नेतंय. त्यात अकोला शोधायला गेलात तर सापडणार नाही. नॉर्वेही सापडणार नाही. दूर राहणाऱ्याच्या चित्रात त्याचा देश दिसलाच पाहिजे ही अट त्यांनी कधी मानली नाही, आणि मला वाटतं ती कोणीच मानू नये. तिथे राहिलेल्या चित्रकाराला कोणी असं विचारत नाही. त्याला मन मानेल ते रंगवता येतं. निघून गेलेल्याने मात्र दर वेळी ओळखपत्र दाखवायचं. ही मागणी बाहेरचे करतात तशी आपलेही करतात, आणि आपल्यांची जास्त बोचते.

अमृता शेर-गिल यांचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. त्यांचा जन्मच बुडापेस्टचा, आई हंगेरियन, वडील शीख, शिक्षण पॅरिसमध्ये. १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या ते इथेच आपलं चित्र आहे असं ठरवून. १९३६ मध्ये अजिंठा पाहिलं आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेतल्या माणसांची ती मोठी तीन चित्रं आली. १९४१ मध्ये लाहोरला वारल्या तेव्हा वय अवघं अठ्ठावीस. जन्माने मिळालेलं आपलेपण आणि बघून बघून कमावलेलं आपलेपण यांत मी पूर्वी पहिल्याला वरचढ मानायचे. आता ते तितकं सरळ वाटत नाही. एका भिंतीकडे एवढं टक लावून बघितल्यावर ती तुमची नाही असं कोणी कसं म्हणेल?

आता ज्या चित्रासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते.

न्यूयॉर्कला कामासाठी गेले होते तेव्हा एक दुपार मोकळी मिळाली आणि मी व्हिटनी संग्रहालयात गेले. तिथे अर्शील गोर्कीचं 'कलावंत आणि त्याची आई' हे चित्र आहे. फोटोत अनेकदा पाहिलेलं. समोर उभी राहिले तेव्हा मात्र पाय हलेनात.

गोर्कीचं खरं नाव वोस्तानिक अदोयान. ऑटोमन साम्राज्यात वान सरोवराकाठच्या खोरकोम गावचा आर्मेनियन मुलगा. वडील तो लहान असतानाच अमेरिकेला गेले. १९१२ मध्ये आईने त्याला घेऊन वान शहरात एक फोटो काढून घेतला, अमेरिकेत नवऱ्याला पाठवायला. मुलगा हातात छोटासा फुलांचा गुच्छ घेऊन उभा आहे, आई खुर्चीवर बसली आहे, डोक्यावरून वस्त्र, अंगावर फुलाफुलांचं लांब एप्रन. तीन वर्षांनी आर्मेनियनांचा नरसंहार सुरू झाला. मायलेकरं चालत येरेवानकडे गेली. तिथे १९१९ मध्ये आई उपासमारीने गेली. १९२० मध्ये तो मुलगा अमेरिकेत पोहोचला, पुढे त्याने नाव बदललं, आपण रशियन लेखक गोर्कीच्या नात्यातले असं सांगू लागला. तो लेखकही टोपणनावानेच लिहायचा, आणि रशियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ कडू.

१९२६ च्या सुमारास त्याने त्या फोटोवरून चित्र करायला घेतलं आणि दहाएक वर्षं त्यावर काम करत राहिला. याच विषयाचं दुसरं चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, तेही कित्येक वर्षं चाललं. तो रंग लावायचा, वाळू द्यायचा, वस्तऱ्याच्या पात्याने खरवडायचा, पुन्हा लावायचा. असं करत करत आईचा चेहरा चिनी मातीसारखा गुळगुळीत झाला आहे. डोळे मोठे, काळे, आपल्या पलीकडे कुठेतरी बघणारे. फोटोत एप्रनवर असलेली फुलं चित्रात नाहीत. आणि हात. आईच्या मांडीवर जिथे हात असायला हवेत तिथे दोन फिकट पांढरे गोळे आहेत. बोटं नाहीत. पुसल्यासारखे, किंवा कधी काढलेच नाहीत असे.

दहा वर्षं हाताशी असलेल्या माणसाला हात काढता येत नव्हते असं कोण म्हणेल? फोटो समोर होता. त्यात हात दिसत होते. बघून उतरवायचे होते फक्त. त्याने ते उतरवले नाहीत. समीक्षकांनी याचे अनेक अर्थ लावले आहेत. मी तिथे उभी असताना मला वाटलं ते असं: फोटोतले हात फोटोग्राफरच्या दुकानात, सांगितल्याप्रमाणे, मांडीवर ठेवलेले हात होते. त्याला आठवत होते ते हात वेगळे असणार, किंवा आठवतच नसणार. जे आपलं नाही ते त्याने भरलं नाही. भरणं सोपं होतं. मी कमानींनी भरलं होतं.

पुढे १९४४ मध्ये त्याने जे चित्र केलं त्याच्या नावाचा अर्थ 'माझ्या आईचं भरतकामाचं एप्रन माझ्या आयुष्यात कसं उलगडत जातं' असा आहे. त्यात ना आई आहे ना एप्रन. पातळ केलेले रंग ओघळत गेले आहेत, त्यांतून आकार उमलतात आणि विरतात. आईच्या चित्रातून जी फुलं त्याने काढून टाकली ती तिथे, जवळजवळ वीस वर्षांनी, कोणाच्याही ओळखीची न राहता परत आली. त्याच सुमाराला त्याने 'सोचीमधली बाग' नावाची चित्रं केली. बाग आठवणीतली, वडिलांची, खोरकोममधली. नाव मात्र रशियातल्या एका किनाऱ्यावरच्या शहराचं. माणसाने खोटं नाव घेतलं, बागेलाही खोटं गाव दिलं, पण रंगांत खोटं करू शकला नाही. १९४८ मध्ये त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. माझ्या मनात ते दोन पांढरे गोळेच राहिले आहेत.

परत आल्यावर मी आईचं चित्र सुरू केलं. जिन्यावर बसलेली आई. तिसऱ्या पायरीवर, भिंतीला खांदा टेकून. ही मूर्ती माझ्या डोळ्यांसमोर इतकी लख्ख आहे की डोळे मिटायचीही गरज नाही. पाठीमागे तो मळकट पट्टा, तिच्या खांद्याच्या बरोबर वर. पट्ट्याचा रंग साधायला तीन आठवडे गेले. पांढऱ्यात सिएना थोडा, मग राखाडी, मग बोटाने घासून पुन्हा पुसून. ब्रशने तो येत नव्हता. हात लागून झालेला रंग हात लावूनच आला.

मग तिचे हात. तिच्या हातात काय असायचं? मी आधी कापड दिलं, शिवायला घेतलेलं. नंतर ते पुसून पुस्तक दिलं. पुस्तकात ती आई वाटेना. पुन्हा कापड. चार महिने चित्र तिथेच अडलं होतं. शेवटी एका रविवारी तिलाच विचारलं.

"आई, तू जिन्यावर बसायचीस तेव्हा हातात काय असायचं गं?"

"कुठल्या जिन्यावर?"

"आतल्या. माजघरातल्या. तिसऱ्या पायरीवर बसायचीस बघ."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मागे दादाच्या घरातला पंखा फिरल्याचा आवाज येत होता. आता ती त्याच्याकडे असते.

"काही नसायचं," ती म्हणाली. "हातात काही नसलं तरच बसायचे मी तिथे. काम असलं की कशाला बसेन?"

फोन ठेवल्यावर मी रंग घोटायची सुरी घेतली आणि कापड खरवडायला लागले. वरचा थर सहज निघाला, खालचा वाळून दगड झाला होता. त्याखाली पुस्तकाची कड निघाली, तीही काढली. मांडीवर दोन ठिकाणी कोरा कॅनव्हास दिसायला लागला तेव्हा थांबले. बाकीचं चित्र झालं आहे. जिना नेमका कुठून निघतो ते मात्र अजून रंगवलेलं नाही. पहिली पायरी चित्राच्या खालच्या कडेशी आहे, आणि तिच्या खाली पडवी घ्यायची की माजघर, हे विचारायला मी दादाला पुढच्या सुट्टीत बोलावलं आहे.